भाऊलालच्या दंडाचा हिवाळा

लाभपाचमीचा दिवस, सकाळचे साडेनऊ. ठरलेली रक्कम महिना साडेपाच हजार रुपये. हजर माणसं चार: कारखान्याचे शेठ नटूभाई, सुरतेतल्या गोडादऱ्याच्या व्यायामशाळेचे काशिनाथदादा, ज्याच्याबद्दल बोलणं चाललं होतं तो भाऊलाल, आणि त्याच कारखान्यात कापडाचे ताके मोजून वहीत चढवणारा मी. दिवाळीच्या सुट्टीनंतर कारखाना त्या दिवशीच उघडला होता. मागांना कुंकवाची बोटं लावलेली होती, पण एकही माग अजून सुरू झाला नव्हता, त्यामुळे आमचेच आवाज आम्हाला मोठे वाटत होते.

"होळी सुधी," नटूभाई म्हणाले. "होळीपर्यंत कांडी मशीनवर बस. साडेपाच देईन. होळीला बीमचं एक टोक उचललंस तर माग तुझे. नाही उचललंस तर भाई, मला दुसरा कारीगर बघावा लागेल. बोल."

भाऊलालच्या आधी दादा बोलले, "उचलेल. मी जामीन."

"पैशाचा जामीन असतो, दादा. हाताचा कसा?"

"तोच तर मन्हा धंदा शे," दादा त्यांच्या अहिराणीत म्हणाले, तोच तर माझा धंदा.

कांडी मशीन म्हणजे बसून नळ्यांवर सूत भरायचं हलकं काम. बीम म्हणजे ताण्याचं, उभं सूत गुंडाळलेला लोखंडी रूळ. भरला की ऐंशी-नव्वद किलोंचा होतो. दोघं दोन टोकांना धरून तो मागावर चढवतात. ज्याला एक टोक पेलत नाही त्याला सुरतेत कुणी विणकर म्हणत नाही, मग त्याची बोटं कितीही चलाख असोत. भाऊलाल शिरपूरकडचा, तेव्हा छत्तिशीचा. सहा माग सांभाळायचा आणि महिन्याला अकरा-बारा हजार घरी न्यायचा. गणपती विसर्जनाच्या दिवशी चाळीच्या ओल्या जिन्यावरून घसरला आणि उजवं कोपर मोडलं. प्लास्टर निघालं तेव्हा आतून जो हात बाहेर आला तो वाळलेल्या शेवग्याच्या शेंगेसारखा होता. साडेपाच हजारांत खोलीचं भाडं, सातवीतली मुलगी आणि तीन माणसांचं जेवण बसत नव्हतं. चार महिने उसनवारीवर निघतील, पाचवा निघणार नाही, हे त्याला माहीत होतं आणि मलाही. तो हात होळीपर्यंत भरून आला नाही तर बिऱ्हाड उचलून गावी जायचं, आणि गावी काहीच नव्हतं.

हे बारा वर्षांपूर्वीचं. आज लिहायला बसलो याला कारण डिंडोलीतलं नवं जिम.

डॉक्टरांनी साखर दाखवली, वजनं उचला म्हणाले, म्हणून मी आणि बायको या हिवाळ्यात तिथं जाऊ लागलो. पहिल्याच दिवशी मला अनवाणी एका यंत्रावर उभं केलं, हातात दोन मुठी दिल्या आणि खालून चिठ्ठी निघाली. चरबी किती, पाणी किती, हाडं किती. शेवटी लिहिलं होतं, शरीराचं वय एकसष्ट. माझं वय त्रेपन्न आहे.

"हे यंत्र शेवटचं कधी तपासलं?" मी तिथल्या शिकवणाऱ्या तरुणाला विचारलं.

"अंकल, एकदम नया है. टेन्शन नही लेने का."

नवं आहे हे काही उत्तर झालं नाही. दुसऱ्या दिवशी मी पिशवीतून पाच किलोची आट्याची थैली घेऊन गेलो. आधी एकटा उभा राहिलो, मग थैली छातीशी धरून. फरक पाच किलो शंभर ग्रॅम. बायको शेजारी हातात दोन-दोन किलोची वजनं घेऊन उभी होती. ती म्हणाली, "घरी जाताना दळणाचा डबाही आणा इथंच. अंग कमवायला आलात की काटा तपासायला?" तिच्या बाजूच्या दोघी हसल्या. मीही हसलो, पण त्या दिवसापासून मला बसवत नाही. जेवताना उठतो. टीव्हीपुढून उठतो. कपाटातली पोलादी टेप काढून टेबलाची लांबी मोजतो. गेल्या हिवाळ्यात जेवढी होती तेवढीच भरते. टेप परत ठेवतो आणि थोड्या वेळानं पुन्हा काढतो.

सुरतेत थंडी येते ती उंबऱ्यावरूनच बोलून परत जाते. पण तेवढ्यातही माणसं बदलतात. तापीकाठी पोंकाच्या गाड्या लागतात, कोवळी ज्वारी, वर शेव आणि लिंबू. आमच्या खानदेशी वस्तीत घरोघर वांगी भाजल्याचा वास सुटतो. आणि जे वर्षभर पायरीवर बसून तंबाखू मळतात ते अचानक दंड काढायला लागतात. माझे वडील सांगायचे की त्यांच्या गावातल्या तालमीतही असंच होतं. दिवाळी झाली की तांबडी माती नव्यानं चाळायची, तेल-ताक-हळद घालून भिजवायची, आणि होळीपर्यंत घुमायचं. हिवाळ्यात कमवायचं आणि वर्षभर खायचं. धान्याचा हिशेब तोच, अंगाचाही तोच.

काशिनाथदादा तसल्याच तालमीच्या मातीतून आलेले. धुळ्याकडचे, तरुणपणी कुस्त्या केलेले, नंतर पोटासाठी सुरतेत मागावर लागलेले. मागावर बारा तासांची पाळी करणाऱ्याला कुस्तीला वेळ आणि जोडीदार मिळत नाही, तेव्हा ते वजनांकडे वळले. त्यांची व्यायामशाळा म्हणजे मारुतीच्या देवळामागचं पत्र्याचं एक खोपटं. भंगारात निघालेल्या बीमच्या टोकाच्या लोखंडी चकत्या ही आमची वजनं, आणि बीमचाच पाइप हा दांडा. कोपऱ्यात बाभळीचे दोन मुद्गल. फी महिन्याला शंभर रुपये, ज्याला जमेल त्यानं. अट एकच, आत तंबाखू नाही.

वजनं उचलून अंग घडवणं ही परदेशी टूम आहे असं जुने पहिलवान म्हणायचे. दादा त्यावर चिडायचे. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी विलायतेतले ताकदीचे खेळवाले इकडे येऊन गेले, त्यांची छायाचित्रं छापली गेली, भिंतीवर लावायचे तक्ते टपालानं येऊ लागले, हे खरं. पण मुद्गल, संतोला, दगडी नाल, जोर-बैठका हे सगळं त्याआधीपासून आपल्याकडे होतंच. दोन्ही गोष्टी एकमेकींना भेटल्या आणि गिरण्यांच्या, गोद्यांच्या वस्त्यांतून व्यायामशाळा निघाल्या. मग शहराशहरांत 'श्री' म्हणून किताब देऊ लागले, तेल लावून मंडपात उभं राहणं आलं, आरसा आला. दादांना आरसा पसंत नव्हता. "कुस्तीमा समोरलाले दखतस, आठे सोताले दखतस," असं ते म्हणायचे. कुस्तीत समोरच्याकडे बघतात, इथं स्वतःकडेच. पण लग्नाच्या कपाटाचा फुटका आरसा कुणीतरी आणून टेकवला तेव्हा त्यांनी तो फेकला नाही. पुढं मला त्याचं कारण दिसलं. मागावरच्या माणसाला शेठ बघतो, मास्तर बघतो, मुकादम बघतो. त्यानं स्वतःकडे नीट बघावं अशी जागा त्याच्या दहा बाय दहाच्या खोलीत नसते.

लाभपाचमीच्या दुसऱ्या दिवसापासून भाऊलाल तिथं येऊ लागला. इतर जण चकत्या चढवत होते तेव्हा दादांनी त्याच्या हातात रिकामी कांडी दिली. सूत गुंडाळायची प्लास्टिकची नळी, वजन पाव किलोही नाही.

"दादा, ही?" त्याचा चेहरा पडला.

"हाई. वीस वेळा. सावकाश."

आठव्या वेळेला त्याचं कोपर थरथरू लागलं. कुणी हसलं नाही. दुसऱ्या आठवड्यात दादांनी त्या कांडीत वाळू भरली, मग दोन कांड्या एकत्र बांधल्या, मग पाण्याची बाटली, मग छोटी चकती. घरी त्याची बायको सिंधू मूठभर हरभरे भिजवून ठेवायची आणि शेंगदाणे भाजायची. ती साड्यांना लेस लावायचं काम घरी आणायची, ते आता दुप्पट आणू लागली. दादांनी त्याला आणखी एक काम दिलं होतं. रोज शंभर गाठी मारायच्या, सुताच्या, उजव्या हाताच्या बोटांनी. "दंड भरना आनि बोटं मरनात ते काय कामनं?" दंड भरला आणि बोटं मेली तर काय उपयोग, असा त्यांचा सवाल होता.

माझं काम मापांचं. मला सगळे मीटर म्हणायचे, नाव कुणी घेत नसे. दर रविवारी सकाळी सगळ्यांना रांगेत उभं करून मी छाती, दंड, मांडी मोजायचो आणि वहीत लिहायचो. माप व्यायामाच्या आधीच घ्यायचं, नंतर नाही, कारण वजनं उचलल्यावर दंड तेवढ्यापुरता फुगतो आणि माणूस स्वतःला फसवतो, हा माझा नियम होता. भाऊलालचा उजवा दंड पहिल्या रविवारी सव्वानऊ इंच. डावा साडेअकरा. तिसऱ्या रविवारी उजवा साडेनऊ झाला. सहाव्या रविवारी पावणेदहा.

"किती?" तो विचारायचा. मान दुसरीकडे वळवायचा, टेपकडे बघायचा नाही.

"पावणेदहा."

"पुन्हा लाव."

"पावणेदहाच आहे रे."

मग तो नाक ओढायचा आणि पुढच्याला धक्का देऊन रांगेतून बाहेर व्हायचा. तिथल्या कुणाच्याही दंडापेक्षा त्या दंडाची वाट आम्ही सगळे बघायचो. अर्धा इंच वाढ कशाला म्हणतात हे मला त्या हिवाळ्याआधी माहीत नव्हतं. अर्धा इंच म्हणजे सिंधूनं एका रविवारी आमच्या घरी पाठवलेलं भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. अर्धा इंच म्हणजे कांडी मशीनवर बसलेला भाऊलाल येताजाता मला हाक मारतो, "मीटरभाऊ, जेवण झालं का?" आधी हाक मारत नव्हता.

आकडा वाढू लागला तसा मी अधिक काळजीनं मोजू लागलो. माझी टेप कापडी होती, शिंप्याची असते तशी, साठ इंची. गुंडाळून ठेवली की तिला वळ्या पडायच्या आणि एक-दोन सुतं, म्हणजे इंचाचे आठवे भाग, इकडेतिकडे व्हायची. मला ते खपेना. मागावर ताणा ढिला पडू नये म्हणून बीमच्या दोरीला वजन टांगतात. आम्ही सगळे रात्रंदिवस तेच बघणारी माणसं. मी खोपट्याच्या खिळ्याला टेप अडकवली आणि खालच्या टोकाला दीड किलोचं तसलंच लोखंडी वजन टांगलं. रविवारी काढायची, मोजायचं, परत टांगायची. दादा म्हणाले, "शाब्बास मीटर, काम करणं ते आसं." मला बरं वाटलं.

त्यानंतर माप थांबलं.

पावणेदहा. पुढच्या रविवारी पावणेदहा. त्याच्या पुढच्यालाही. मग उतरण लागली. उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या, आदल्या रविवारी मी तीनदा मोजलं आणि तिन्ही वेळा नऊ इंच पाच सूत भरलं. मी ते तसंच सांगितलं. खोटा आकडा मी कधी कुणाला सांगितलेला नाही.

इतरांचीही मापं उतरत होती. दादांची छाती चाळीसवरून अडतीसकडे निघाली होती. भाऊलालचा चांगला, डावा हातसुद्धा अकरावर आला होता. आज कुणीही विचारेल, की हे दिसत असताना तुला कळलं कसं नाही. मीही स्वतःला तेच विचारतो. प्रत्येकाकडे कारण होतं. थंडीनं अंग आकसतं, असं दादा म्हणाले. डबल पाळीनं माणूस उतरतो, दुसरा म्हणाला. तिसऱ्यानं सांगितलं की पाणी बदललंय, नव्या लाइनीचं येतंय. एकानं घाबरून रोजची अंडी दोनाची पाच केली आणि त्याचं पोट बिघडलं. टेपवर कुणी शंका घेतली नाही, कारण टेप माझी होती.

उत्तरायणाला सगळं शहर छपरावर होतं. रस्त्याच्या कडेला खांबांना गुलाबी मांजा ताणून सुकवत होते. आमच्या वस्तीतले लोक त्याला हसायचे, वर्षभर सूतच ओढायचं आणि सुट्टीलाही सूतच. भाऊलालच्या मुलीनं त्याच्या हातात फिरकी दिली. त्यानं ती डाव्या हातात घेतली. मी बघत होतो ते त्यानं बघितलं.

"उजव्यात धर की," मी म्हणालो.

"कशाला? तो तर आटत चाललाय. तूच लिहितोस ना."

जानेवारीच्या शेवटच्या रविवारी माप साडेनऊ भरलं. त्याच्या पुढच्या रविवारी तो आलाच नाही. दादा घरी जाऊन आले. म्हणाले, बोलत नाही, भिंतीकडे तोंड करून बसलाय, गावी जायचं म्हणतोय. मी जायला हवं होतं. मी गेलो नाही. कोणता आकडा घेऊन जाणार होतो?

मंगळवारी सकाळी कारखान्यातली आमची टेप तुटली म्हणून मी खोपट्यातली माझी टेप नेली. एका कारीगराचा ताका टेबलावर आला. पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, चव्वेचाळीस इंच असायला हवा. टेप बेचाळीसलाही एक सूत कमी दाखवत होती. मी ताका बाजूला सारला. दुसरा घेतला, तोही तसाच. पाच ताके मी नापास केले आणि त्या कारीगराला बोलावून सगळ्यांसमोर बोललो.

तो शांतपणे म्हणाला, "मीटरभाऊ, फणी तीच, माग तोच. दोन इंच कापड मी खाल्लं का?"

टेबलाच्या कडेला मीटरची लोखंडी सळई ठोकलेली असते. मी टेप तिच्यावर आडवी धरली. एकोणचाळीस इंच आणि वर तीन सूत यायला हवे होते. टेपनं साडेसदतीस दाखवले. मी पुन्हा धरली. मागे साठ माग धडधडत होते आणि मला त्यांचा आवाज येईनासा झाला. साठ इंचांची टेप त्रेसष्ट इंच लांब झाली होती. दीड किलोचं वजन सहा-सात आठवडे तिला खाली ओढत होतं, आणि ते मीच टांगलं होतं. ताण्याचं सूत वजन सहन करायला बनवलेलं असतं. टेप नसते. एवढी साधी गोष्ट जी हातगाडीवरचा भाजीवालाही सांगू शकला असता ती कापडाच्या कारखान्यात वीस वर्षं काढलेल्या मला कळली नव्हती.

साडेनऊला त्रेसष्टनं गुणायचं आणि साठनं भागायचं. हिशेब मी ताक्याच्या कोपऱ्यावरच पेन्सिलीनं केला. दहाला केसभर कमी.

कारीगराची माफी मागितली. नटूभाईंना सांगून अर्ध्या दिवसाची रजा घेतली. वाटेत हार्डवेअरच्या दुकानातून पोलादी टेप घेतली आणि दुकानदाराच्याच मीटरपट्टीवर ती दोनदा लावून बघितली. तो म्हणाला, "साहेब, सोनं मोजायचंय का?"

भाऊलालच्या खोलीत शिरलो तेव्हा दुपारचा एक वाजला असेल. दाराशी बांधलेलं गाठोडं आणि पत्र्याची पेटी होती. मुलीच्या शाळा सोडल्याच्या दाखल्याचा अर्ज भरून खाटेवर ठेवलेला होता, फक्त खालची सही राहिली होती. सिंधू भांडी पोत्यात भरत होती. तिनं मला बघून पदर सारखा केला, बस म्हणाली नाही.

मी सगळं सांगितलं. टांगलेलं वजन, सळई, साडेसदतीस. नवी टेप काढून त्याचा दंड मोजला. दहाला केसभर कमी. "बघ," मी म्हणालो. या खेपेला त्यानं मान वळवली नाही. टेपकडे नीट बघितलं, मग माझ्याकडे.

"मीटरभाऊ," तो म्हणाला, "तू चांगला मानूस शे. पण माले दया नको."

"कसली दया?"

"जुनी टेप मला कमी दाखवत होती. आज तू माझ्या बाजूनं बोलणारी टेप घेऊन आलास. उद्या आणखी एक आणशील, ती अकरा दाखवेल. होळीला बीम काय टेप बघून उचलला जाणार आहे?"

सिंधूनं हातातलं पातेलं खाली ठेवलं. "भाऊजी, खरं सांगा. टेप खोटी शे का मानूस?"

आयुष्यभर मी आकडे सांगितले आणि लोकांनी ते घेतले. माझा आकडा कुणी परत केला असं पहिल्यांदाच झालं होतं, आणि परत करणाऱ्याचं बरोबर होतं. एका टेपनं खोटं सांगितल्यावर दुसरीवर विश्वास ठेवायचा तो कशाच्या जोरावर? माझं लक्ष मोरीच्या पडद्याकडे गेलं. बिनरंगाचं कोरं कापड, कारखान्यातलंच.

"हा पडदा कुणी विणलाय?"

"मीच. गेल्या वर्षीचा तुकडा आहे."

"पन्हा?"

"चव्वेचाळीस." हे त्यानं विचार न करता सांगितलं.

"नक्की?"

तो भडकला. "मला विचारतोस? सहा वर्षं तोच पन्हा काढतोय. डोळे बांध माझे आणि हातात दे, सांगतो."

"मग मी हात लावत नाही. तूच मोज. दोन्ही टेपांनी."

त्यानं पडदा दोरीवरून ओढला आणि खाटेवर पसरला. आधी माझी कापडी टेप लावली. बेचाळीसला सूतभर कमी. मग पोलादी टेप. एक टोक सिंधूनं दाबून धरलं, दुसरं तो उजव्या हातानं ओढत गेला. चव्वेचाळीस. त्यानं पुन्हा लावली. चव्वेचाळीस. पडद्यावर त्यानं तळहात फिरवला, किनारीपासून किनारीपर्यंत, जसा माग थांबवून कापड तपासतात तसा. बाहेर कुणाच्या तरी रेडिओवर गुजराती बातम्या चालल्या होत्या.

मग त्यानं मला शिव्या द्यायला सुरुवात केली. त्या इथं लिहिण्यासारख्या नाहीत. माझ्या टेपला, माझ्या वहीला, दीड किलोच्या त्या वजनाला आणि माझ्या सात पिढ्यांना. शिव्या देता देता त्यानं सदरा काढला आणि म्हणाला, "डावा मोज. छाती मोज. सगळं मोज आता." सिंधू पोत्यातून भांडी बाहेर काढू लागली. दाखल्याचा अर्ज तिनं घडी करून चुलीजवळच्या फळीवर ठेवला, फाडला नाही. होळी अजून व्हायची होती.

संध्याकाळी खोपट्यात मी सगळ्यांसमोर उभा राहून चूक सांगितली. एकच कल्ला झाला. प्रत्येकाला दीड-दोन इंच छाती परत मिळाली होती. पाच अंडी खाणारा म्हणाला, "माझ्या अंड्यांचं काय?" दादा मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, "मीटर, चूक टेपनी नही. इतला दिवस मी पोराना हात धरीसन उभा राहू आनि आकडा दखू. हाताले इचारंच नही." रोज त्या हाताला धरून उभे होते ते, आणि बघत होते माझ्या वहीत.

हे वाक्य मला अजून बसू देत नाही. अंग कमावण्यातली चांगली गोष्ट कोणती असं कुणी विचारलं, तर साखर उतरते, पाठ ताठ राहते, व्यसन सुटतं, हे सगळं मी सांगेन, आणि ते खरं आहे. माझ्याच बायकोचा उजवा खांदा तीन वर्षं वर जात नव्हता, आता ती वरच्या फळीवरचा डबा स्वतः काढते. पण खरी गोष्ट वेगळी आहे असं मला वाटतं. माणसाच्या बाकी सगळ्या कमाईचा आकडा दुसरा कुणीतरी ठरवतो. दंडाचं तसं होत नाही. पाव किलोची कांडी वीस वेळा उचलली तर ती उचलली गेलीच. वहीत चुकीचं लिहिलं म्हणून हात कमी होत नाही. भाऊलालचा हात ते सगळे आठवडे वाढतच होता, आम्ही रडत होतो तेव्हाही.

पुढचे पाच आठवडे मी माप घेतलंच नाही. दादांनी मनाई केली. त्याऐवजी भाऊलालनं रोज बीमचा रिकामा रूळ एका टोकानं उचलायचा, मग त्यावर एक चकती, मग दोन. मी बाहेर येरझाऱ्या घालायचो. आत लोखंड आपटल्याचा आवाज आला की थांबायचो, पुन्हा उचलल्याचा आला की चालायला लागायचो.

होळीच्या दिवशी सकाळी अर्धे माग बंद होते, लोक गावी निघाले होते. भरलेला बीम काट्यावर ठेवला, शहाऐंशी किलो. दुसऱ्या टोकाला कारखान्यातला सगळ्यात दणकट कारीगर उभा राहिला. नटूभाई खुर्चीतून उठले. दादा दाराबाहेरच राहिले, आत या म्हटलं तरी आले नाहीत. भाऊलालनं टोकाखाली उजवा हात घातला, डावा त्याला जोडला, गुडघे वाकवले आणि उठला. काट्यापासून मागापर्यंत तेरा पावलं आहेत. नवव्या पावलाला त्याचं कोपर थरथरलं. दुसऱ्या टोकाचा कारीगर म्हणाला, "ठेवू का?" भाऊलाल म्हणाला, "चल रे, गप चल." बीम खाचेत बसला तेव्हा जो आवाज झाला तो मी कोणत्याही टेपनं मोजू शकणार नाही.

"चार माग," नटूभाई म्हणाले. "बाकीचे दोन पछी जोईशुं, नंतर बघू."

दादांनी बाहेरून विचारलं, "कितला किलो?"

"शहाऐंशी."

"आपल्याकडे एवढं लोखंडच नाही," ते म्हणाले आणि देवळाकडे चालू लागले.

त्या पहिल्या महिन्यात भाऊलालचे ताके मीच मोजले, टेबलावरच्या सळईवर. भरले चार हजार एकशे साठ मीटर. दर मीटरला सव्वादोन रुपये. नऊ हजार तीनशे साठ रुपये, रोख, कसलीही कपात नाही. सात तारखेला दुपारी नटूभाईंनी दिले आणि भाऊलालनं घेतले.